चुंबकाची ताकद मोजायची कशी? गॉस, ग्रेड की किलो?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे निओडिमियमची दोन चुंबकं आहेत, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर. एक ५ मिमी जाडीची चकती, तिच्यावर एन५२ लिहिलंय. दुसरा २० मिमी उंचीचा दंडगोल, तो एन३५. माहितीपत्रकात चकतीपुढे १४,५०० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आणि दंडगोलापुढे १२,००० गॉस असे आकडे आहेत. मित्राचा गॉसमीटर आणून दोन्हींच्या तोंडावर मधोमध टेकवला, तर चकतीवर साधारण ३,१०० आले आणि दंडगोलावर ५,१००!

छापलेल्या आणि मोजलेल्या आकड्यांत एवढी तफावत का? आणि ५२ ग्रेडवालीपेक्षा ३५ वाला जास्त कसा दाखवतो? माल खोटा आहे, मीटर बिघडलाय, की मोजायचं काही वेगळंच असतं? चुंबक किती जोरदार आहे हे एका आकड्यात सांगता येतं का?

लोहकीस:
माल खरा आहे आणि मीटरही ठीक आहे. तुमचे चारही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

छापलेला आकडा पदार्थाचा असतो. त्याला बीआर म्हणतात, पुस्तकी भाषेत अवशिष्ट चुंबकत्व. नमुन्याचा तुकडा पोलादी चौकटीत असा बसवतात की दोन्ही ध्रुवांना लोखंड भिडलेलं असतं, हवेची फट कुठेच नसते. मग बाहेरून जबर क्षेत्र देऊन तो पूर्ण चुंबकित करतात आणि ते क्षेत्र शून्यावर आणतात. त्यानंतर तुकड्याच्या आत जे शिल्लक राहतं, ते बीआर. तुम्ही मोजलंत ते चुंबकाच्या बाहेर, उघड्या हवेत.

हवेत ठेवलेलं चुंबक स्वतःच्याच विरोधात काम करत असतं. उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाणारं क्षेत्र बाहेरून तर जातंच, पण चुंबकाच्या पोटातूनही जातं, आणि पोटात त्याची दिशा चुंबकनाच्या उलट असते. चकती पातळ असली की दोन्ही ध्रुव एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि हा विरोध वाढतो. लांब दंडगोलात ध्रुव दूर राहतात, विरोध कमी पडतो. तुमचा एन३५ पुढे गेला तो त्याच्या उंचीमुळे. ग्रेड सारखी ठेवून नुसती जाडी बदलली तरी तोंडावरचा गॉस बदलतो.

गणिताची_वही:
लोहकीस यांनी सांगितलेलं आकड्यांत उतरतं, आणि फार सुंदर उतरतं.

अक्षाच्या दिशेने चुंबकित केलेल्या गोल चुंबकासाठी तोंडाच्या मध्यबिंदूवरचं क्षेत्र असं काढता येतं: बीआरचा निम्मा × जाडी ÷ √(त्रिज्या² + जाडी²).

चकती: ७,२५० × ५ ÷ ११.१८ = सुमारे ३,२४० गॉस.
दंडगोल: ६,००० × २० ÷ २२.३६ = सुमारे ५,३७० गॉस.

तुमचे आकडे यापेक्षा थोडे कमी आहेत, कारण प्रोबमधला (मीटरच्या टेकवायच्या कांडीतला) संवेदक टोकाच्या अगदी पृष्ठभागावर नसतो, किंचित आत असतो. तो अर्धा मिलिमीटर आत आहे असं धरून गणित केलं की ३,१३० आणि ५,०९० येतात. मित्राचा मीटर उत्तम चालतोय!

या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. जाडी कितीही वाढवली तरी तो भागाकार १ च्या पुढे जात नाही. म्हणजे गोल चुंबकाच्या तोंडावर मधोमध बीआरच्या निम्म्याहून जास्त क्षेत्र मिळूच शकत नाही. सुट्या एन५२ चुंबकाच्या तोंडावर मधोमध १४,५०० गॉस मिळतात असं कोणी म्हणालं तर तो पदार्थाचा आकडा वस्तूच्या नावावर खपवतोय, हे नक्की समजा.

शंकासुर:
मग ५२ हा आकडा कशाचा? १४,५०० मधून ५२ कुठून आले?

लोहकीस:
५२ म्हणजे त्या पदार्थाचा कमाल ऊर्जा-गुणाकार, ५२ मेगागॉस-ओर्स्टेड. नव्या एककांत घनमीटरला साधारण ४१४ किलोज्यूल. एन३५ चा तोच आकडा २७९ च्या आसपास येतो.

हा गुणाकार समजून घेण्यासारखा आहे, कारण नुसत्या बीआरवर विसंबलं तर फसायला होतं. चौकटीत पूर्ण चुंबकित केलेल्या तुकड्याला हळूहळू उलटं क्षेत्र देत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर आत किती गॉस उरले ते टिपायचं. गॉस उतरत जातात आणि एका ठिकाणी शून्य होतात. त्या क्षणी दिलेलं उलटं क्षेत्र म्हणजे कोअर्सिव्हिटी, ती ओर्स्टेडमध्ये किंवा अँपिअर प्रति मीटरमध्ये सांगतात. वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर उरलेले गॉस गुणिले दिलेलं उलटं क्षेत्र असा गुणाकार करत गेलं, तर कुठेतरी तो सगळ्यात मोठा येतो. ग्रेडचा आकडा तो. दिलेल्या आकारमानाच्या चुंबकाकडून बाहेरच्या फटीत किती काम करून घेता येईल, हे त्यावरून ठरतं.

अॅल्निको, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेला मिश्रधातू, पाहा. अॅल्निको-५ चं बीआर १२,५०० गॉसच्या आसपास असतं, म्हणजे तुमच्या एन३५ च्या वरचं! पण त्याची कोअर्सिव्हिटी सहाशे-सातशे ओर्स्टेडच. एन३५ ला पूर्ण पुसायला हजारो ओर्स्टेड लागतात. अॅल्निकोची ५ मिमी जाडीची चकती केली तर ती स्वतःच्याच उलट्या क्षेत्राने बहुतांश पुसली जाईल. जुनी अॅल्निको चुंबकं लांब पट्टीची किंवा नालेच्या आकाराची असत आणि ठेवताना ध्रुवांवर लोखंडी तुकडा आडवा लावून ठेवत, त्याचं कारण हेच. १९८० च्या दशकात निओडिमियम-लोह-बोरॉन आलं आणि पातळ, तरीही जोरदार चकत्या शक्य झाल्या. या बदलात कोअर्सिव्हिटीचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी, असं माझं मत.

उत्तरायण:
गॉसमीटर वापरणाऱ्यांसाठी थोडं मीटरबद्दल.

बहुतेक हातातले गॉसमीटर हॉल परिणामावर चालतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीजप्रवाह सोडून त्यावर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं, तेव्हा वर्खाच्या दोन बाजूंमध्ये अगदी बारीकसा विद्युतदाब दिसला. वाहते प्रभार क्षेत्रामुळे एका बाजूला ढकलले जातात, म्हणून तो दाब तयार होतो. सोन्यात प्रभार इतके खच्चून भरलेले असतात की दाब अगदी क्षीण येतो. आताच्या प्रोबमध्ये अर्धवाहक वापरतात. त्यांत प्रभारांची संख्या कमी असल्यामुळे दाब कितीतरी मोठा मिळतो आणि तो क्षेत्राच्या प्रमाणात असतो.

मोजताना तीन ठिकाणी गोंधळ होतो. हॉल संवेदक फक्त स्वतःच्या पृष्ठभागाला लंब असलेलं क्षेत्र मोजतो. प्रोब १० अंश कलला तर दीड टक्का फरक पडतो, ३० अंश कलला तर तेरा टक्के. दुसरं म्हणजे शून्य: मोजण्याआधी प्रोब चुंबकीय कवच असलेल्या डबीत घालून मीटर शून्यावर आणायचा, नाहीतर आधीची चूक प्रत्येक मोजणीत मिसळते. तिसरं म्हणजे जागा, आणि बहुतेक वाद हिच्यामुळे होतात. चकतीच्या तोंडावर मध्याकडून कडेकडे सरकलात तर आकडा वाढत जातो, कारण खालच्या ध्रुवाचा विरोध मध्यावर सर्वांत जास्त असतो. 'पृष्ठभागावर अमुक गॉस' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तो मध्यावरचा की कडेचा, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या आकड्यावरून दोन चुंबकांची तुलना करू नका.

हातोडी_छिन्नी:
एवढं सगळं कशाला? कामाच्या जागी मला फक्त किती किलो धरेल ते हवं असतं. ताणकाटा लावायचा, ओढायचं, सुटेल तो आकडा लिहायचा. झालं.

लोहकीस:
धरण्याच्या कामासाठी तुमचा आकडा योग्यच आहे, मीही तोच मागेन. पण तो चुंबकाचा एकट्याचा नसतो. चुंबक, पोलाद आणि मधली फट या तिघांचा मिळून असतो.

जाड, सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या साध्या पोलादावर, लंब दिशेने, सावकाश ओढून जो आकडा येतो तो सर्वोत्तम परिस्थितीतला. पत्रा पातळ असला की तो संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी क्षेत्र मावत नाही, ते पलीकडून बाहेर सांडतं आणि बळ घटतं. रंगाचा थर, गंज, खडबडीतपणा या सगळ्यांनी फट वाढते. आणि उभ्या पत्र्यावर लावलेलं चुंबक सुटत नाही, ते खाली घसरतं. तिथे घर्षणाचा प्रश्न येतो, त्यामुळे घसरायला लागणारं बळ अनेकदा छापलेल्या किलोंच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरतं. भिंतीवर अवजारं टांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

गणिताची_वही:
किलो आणि गॉस यांचं नातंही सांगते. चुंबक आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत क्षेत्र एकसारखं असेल, तर ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फटीत १ टेस्ला (म्हणजे १०,००० गॉस) असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० न्यूटन, म्हणजे ४ किलोच्या वजनाइतकी. क्षेत्र निम्मं झालं की ओढ एक चतुर्थांश, १० न्यूटनच. फट जरा वाढली तर गॉसमध्ये थोडीच घट दिसते, पण ओढीत ती दुपटीने जाणवते, ती याचमुळे.

एक खबरदारी. या सूत्रात सुट्या चुंबकावर मोजलेले ३,१०० गॉस घालू नका. लोखंड टेकलं की फटीतलं क्षेत्र वाढतं, कारण लोखंड बलरेषांना परतीची सोपी वाट देतं. फटीतलंच क्षेत्र लागतं.

निळी_शाई:
गॉसमीटर नसेल तर? फोनवर चुंबकीय क्षेत्र दाखवणारी अॅप्स मिळतात. ती चालतील का?

उत्तरायण:
लांबून चालतील, जवळून अजिबात नाही. फोनमधला संवेदक होकायंत्रासाठी बसवलेला असतो. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे ०.२५ ते ०.६५ गॉस. फोनचा संवेदक काही मिलिटेस्लांपर्यंतच जातो, म्हणजे काही दहा गॉस. या चकतीच्या तोंडावर ३,१०० आहेत! फोनला चिकटवलं तर आकडा कमाल मर्यादेवर अडकून बसेल, वर फोनच्या आतले लोखंडी भाग चुंबकित होऊन होकायंत्र भरकटेल ते वेगळंच. कॅमेऱ्याची भिंगं हलवणारी यंत्रणाही चुंबकांवर चालते.

शिवाय फोन गुपचूप स्वतःला जुळवून घेतो. चुंबक बराच वेळ एका जागी ठेवलं तर ते क्षेत्र फोनचंच आहे असं समजून तो वजा करू शकतो. अॅपमध्ये जुळवणी न केलेलं मूळ मापन दाखवायची सोय असेल तर ते घ्या, चुंबक ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि चुंबक असताना व नसताना तिन्ही अक्षांच्या आकड्यांतला फरक काढा.

गणिताची_वही:
लांबून मोजण्यात एक मोठा फायदा आहे. दूर गेलं की आकार, कडा, प्रोबची खोली यांचं महत्त्व संपतं आणि फक्त एकच राशी उरते: चुंबकीय आघूर्ण. संपूर्ण तुकड्यात मिळून किती चुंबकत्व आहे, ते सांगणारी.

तुमच्या एन५२ चकतीचं अक्षावरचं क्षेत्र बघा. तोंडापासून १० मिमीवर सुमारे ९०६ गॉस, २० मिमीवर २४७, ५० मिमीवर २४ आणि १०० मिमीवर जेमतेम ३.३. शेवटच्या टप्प्यात अंतर दुप्पट झालं आणि क्षेत्र सातव्या हिश्श्यावर आलं. आणखी लांब गेलात की नेमकं आठव्या हिश्श्यावर येऊ लागेल, म्हणजे अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात.

आघूर्ण म्हणजे बीआर × घनफळ ÷ म्यू-शून्य (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक). चकतीचं साधारण १.८१ अँपिअर-चौरस मीटर येतं आणि दंडगोलाचं ६.०. ५२ ग्रेडची चकती इथेही मागेच, कारण दंडगोलात माल चौपट आहे.

वर्गातला_खडू:
हा विषय निघाला आणि गॉस यांच्या पद्धतीचा उल्लेख झाला नाही तर मला चैन पडणार नाही. मुलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

कार्ल फ्रिड्रिश गॉस यांनी १८३२ मध्ये ग्योटिंगेनला, विल्हेल्म वेबर यांच्या साथीने, चुंबकत्व केवळ लांबी, वस्तुमान आणि वेळ यांत मोजून दाखवलं. अडचण अशी होती की होकायंत्राची सुई फिरते तेव्हा दोन अज्ञात एकत्र गुंतलेले असतात: सुईचं आघूर्ण आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक. एक माहीत असल्याशिवाय दुसरा कळत नाही. गॉस यांनी दोन प्रयोग जोडले. पहिल्यात चुंबक दोऱ्याने आडवं टांगून झुलवायचं. झोक्याच्या वेळेवरून आघूर्ण आणि पृथ्वीचं क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. दुसऱ्यात तेच चुंबक होकायंत्रापासून ठराविक अंतरावर पूर्व-पश्चिम ठेवायचं आणि सुई किती वळते ते बघायचं. त्यावरून त्याच दोन राशींचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही हाती आले की दोन्ही अज्ञात सुटतात! हाताशी फूटपट्टी, घड्याळ आणि तराजू एवढंच. आधीपासून मोजून ठेवलेल्या दुसऱ्या कुठल्याही चुंबकाची गरज नाही. चुंबकत्वाच्या मापनातली मला सगळ्यात जास्त आवडणारी कल्पना हीच.

पाटीपेन्सिल, तुम्ही दुसरा भाग लगेच करू शकता. होकायंत्राची सुई स्थिर होऊ द्या. चुंबक तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, अक्ष सुईच्या केंद्राकडे रोखून, मध्यापासून मध्यापर्यंत ३० सेंटिमीटरवर ठेवा. टेबलाखाली लोखंड नको, फोन आणि दुसरं चुंबकही दूर. सुईच्या वळणाच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे चुंबकाचं क्षेत्र भागिले पृथ्वीचा आडवा घटक. चुंबक उलटं करून आणि दुसऱ्या बाजूला ठेवूनही कोन घ्या आणि सरासरी काढा, म्हणजे अंतरातली आणि मांडणीतली चूक बरीच कटते.

गणिताची_वही:
आडवा घटक ३५ मायक्रोटेस्ला धरून: ३० सेंमीवर चकतीचं क्षेत्र १३.४ मायक्रोटेस्ला, सुई सुमारे २१ अंश वळायला हवी. दंडगोलाचं ४४, म्हणजे साधारण ५२ अंश. झोक्याचंही सांगते: चकती कडेवर उभी, म्हणजे तिचा अक्ष आडवा राहील अशी टांगली तर एक पूर्ण झोका जेमतेम ०.४५ सेकंदाचा येतो. एकेक मोजू नका, २० झोक्यांचा एकत्र वेळ घ्या.

शंकासुर:
एमआरआय यंत्र १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं म्हणे. ३ टेस्ला म्हणजे ३०,००० गॉस. हा बोटाएवढा दंडगोल ५,००० दाखवतो. मग ते अवाढव्य यंत्र याच्या फक्त सहापट?

उत्तरायण:
त्या बिंदूपुरतं, हो. पण दंडगोलाचे ५,००० त्याच्या तोंडाशीच आहेत आणि काही सेंटिमीटरवर शेकड्यांत उतरतात. एमआरआयचे ३ टेस्ला आख्खा माणूस आत झोपेल एवढ्या पोकळीच्या मधल्या भागात जवळजवळ एकसारखे भरलेले असतात. त्याचं आघूर्ण याच्या लक्षावधी पट असतं.

तिथलं क्षेत्र मोजायला हॉल प्रोब अपुरा पडतो. त्यासाठी प्रोटॉनची मदत घेतात. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन ठराविक वारंवारतेने डोलतो: १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. वारंवारता अतिशय अचूक मोजता येते, त्यामुळे क्षेत्रही दशलक्षात एका भागापर्यंत मोजता येतं. मात्र क्षेत्र एकसारखं असावं लागतं, म्हणून छोट्या चकतीपुढे ही पद्धत चालत नाही.

हातोडी_छिन्नी:
कारखान्यात हजारो नग तपासताना प्रत्येकावर प्रोब टेकवत बसतात का?

लोहकीस:
नाही. तिथे बहुधा हेल्महोल्ट्झ गुंडाळी आणि फ्लक्समीटर असतो. समोरासमोर दोन सारख्या गोल गुंडाळ्या, मधलं अंतर त्यांच्या त्रिज्येएवढं. चुंबक मध्यभागी ठेवून बाहेर काढलं किंवा उलटं फिरवलं की गुंडाळीत विद्युतदाब उठतो. फ्लक्समीटर त्या दाबाची वेळेवर बेरीज करतो. चुंबक भरकन काढलं काय नि हळू काढलं काय, बेरीज तीच येते. मध्यभागी थोडी जागा चुकली तरी फरक पडत नाही. बाहेर येतं ते सबंध तुकड्याचं आघूर्ण. घनफळाने भागलं की पदार्थ कसा आहे ते कळतं, आणि खोटी ग्रेड लगेच उघडी पडते. दोन पुरवठादारांच्या मालाची तुलना करायची झाली तर मी पृष्ठभागावरच्या गॉसपेक्षा याच आकड्यावर भरवसा ठेवीन.

निळी_शाई:
घरात कोणाला पेसमेकर असेल तर यातला कोणता आकडा बघायचा?

उत्तरायण:
क्षेत्र, आणि तेही त्या अंतरावरचं. पेसमेकरसाठी बराच काळ ५ गॉस ही मर्यादा धरत आले आहेत. वरच्या आकड्यांत बघा, ही छोटी चकती ५ सेंटिमीटरवर २४ गॉस देते, १० वर ३.३. दंडगोल त्याहून जोरदार. म्हणून शर्टाच्या खिशात चुंबक नको आणि छातीजवळ धरून खेळणंही नको. त्या व्यक्तीच्या यंत्रासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर पाळा. लहान मुलांपासून तर ही चुंबकं पूर्ण दूर ठेवा. दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मधे सापडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

पाटीपेन्सिल:
होकायंत्राचा प्रयोग केला. चारही बाजूंची सरासरी: चकती २१ अंश, दंडगोल ५२ अंश. टॅन्जंटचं गुणोत्तर ३.३ आलं, आणि गणिताची_वही यांच्या आघूर्णांचं गुणोत्तरही ३.३! एका साध्या सुईने एवढं सांगितलं याचा फार आनंद झाला.

आता शेवटचं विचारतो. ही चुंबकं वर्षानुवर्षं वापरली तर क्षीण होतात का, आणि झाली तर ते कशावरून ओळखायचं?

लोहकीस:
नुसत्या काळाने निओडिमियमचं नुकसान नगण्य असतं. नुकसान करतात ती उष्णता, जोरदार उलटं क्षेत्र आणि गंज. साध्या एन मालिकेला ८० अंश सेल्सिअसपर्यंतच चालवतात. ग्रेडच्या आकड्यानंतर एम असेल तर १००, एच असेल तर १२०, एसएच असेल तर १५० अंश. पातळ चकतीला तर त्याहूनही आधी फटका बसतो, कारण तिच्यात स्वतःचं उलटं क्षेत्र मोठं असतं आणि तापल्यावर कोअर्सिव्हिटी घसरते. फेराइटचं (लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकांचं) याच्या उलट असतं, त्याची कोअर्सिव्हिटी थंडीत कमी होते.

ओळखण्यासाठी तुमची मांडणीच पुरेशी आहे. होकायंत्र आणि चुंबक यांच्या जागा टेबलावर खुणा करून पक्क्या करा, आजचे कोन लिहून ठेवा आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. निओडिमियमचं बीआर दर अंशाला साधारण ०.१२ टक्के उतरतं आणि गार झाल्यावर परत येतं. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने १.२ टक्के घट नुसत्या हवामानाने दिसेल. पुढच्या वेळी तापमान तेच असताना टॅन्जंट कमी आला, आणि चुंबक न हलवता त्याच जागी दुसरं होकायंत्र ठेवूनही तसाच कमी आला, तरच चुंबक खरोखर उतरलंय असं म्हणा.